सुरतेत उघड, मुंबईत गुप्त : व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचा निनावी धर्म

दुधनी (सेलवास) : दमणगंगेच्या फुगवट्याच्या काठावरून उत्तरेला निघालं तर सुरत, दक्षिणेला निघालं तर वसई. दोन्हीकडे सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत पोचतो. मधल्या पट्ट्यात वारली, कोकणा, धोडिया घरं आणि मराठी-गुजराती एकमेकींत इतक्या मिसळलेल्या की बाजारात भाव विचारताना आपण कुठल्या भाषेत सुरुवात केली हेही ध्यानात राहत नाही. राज्यांच्या आणि केंद्रशासित प्रदेशाच्या सीमा नकाशावर आहेत, बोलण्यात फारशा नाहीत.

मराठी भाषेला शाळेत शिकवता येईल असं व्याकरण ज्याने दिलं, त्या माणसाचं मूळ गाव या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला आहे आणि आयुष्यातलं सगळ्यात धाडसाचं काम उत्तर टोकाला झालं. रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठीचे पाणिनी म्हणून त्यांचं नाव स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्ये येतं, एका गुणाचा प्रश्न असतो, पुढे काही नाही. पण विभक्ती आणि समास लिहिणारा हा माणूस चाळीस वर्षं एकाच प्रश्नापाशी अडला होता. देव एकच आहे आणि माणसाची जात एकच आहे हे मनोमन पटलंय, पण ते चारचौघांत, आपल्या नावानिशी बोलायचं की नाही? या प्रश्नाचं उत्तर त्यांनी वेगवेगळ्या गावांत वेगवेगळं दिलं. कसं, ते बघण्यासारखं आहे.

तर्खड, वसई आणि पावाचा तुकडा

तर्खडकर हे आडनाव वसईजवळच्या तर्खड गावावरून आलं. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती. चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि ती सत्ता संपली. पुढे चव्वेचाळीस वर्षांनी, १७८३ मध्ये, मराठ्यांनीच एका जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी नगर हवेलीचा महसूल पोर्तुगीजांना लावून दिला आणि १७८५ मध्ये दादराही त्यांच्याकडे गेलं. म्हणजे वसईतून गेलेला पाहुणा आपल्या दारात येऊन बसला तो थेट १९५४ पर्यंत. हा इतिहास दुधनी-खानवेलकडच्या लोकांना वेगळा सांगायची गरज नाही.

वसईत एक गोष्ट अजून सांगितली जाते. पाद्र्यांनी रात्री गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी लोक पाणी प्यायले आणि मग कळलं की सगळं गाव बाटलं. अमुक विहीर, अमुक साल असा हिशेब कुणी देत नाही. पण गोष्टीत एक गंमत आहे. पाव टाकणाऱ्याने कुणाला उपदेश केला नाही, कुणाला विचारलं नाही. पाणी पिणाऱ्यानेही मनातून देव बदलला नाही. तरीही धर्म बदलला, असं दोन्ही बाजूंनी मान्य करून टाकलं. धर्म माणसाच्या मनात असतो की जातीच्या पंगतीत, या प्रश्नाचं त्या काळचं उत्तर या एका गोष्टीत आहे. पाव हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला. हा पाव दादोबांच्या गोष्टीत पुन्हा येणार आहे, म्हणून एवढं लांबण.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ चा, मुंबईत खेतवाडीतला. घर वैश्य जातीचं, भाविक. वडील पांडुरंग, आई यशोदा. पोथीवाचन आणि भजन-कीर्तनाच्या वातावरणात मुलगा वाढला. या घरात तीन भाऊ असे निघाले की तिघांवर तीन पुस्तकं व्हावीत. मधले भास्कर पांडुरंग. त्यांनी १८४१ मध्ये एका इंग्रजी वर्तमानपत्रात टोपणनावाने पत्रं लिहून कंपनी सरकार हिंदुस्थानची लूट कशी करतं ते आकड्यांनिशी मांडलं. दादाभाई नौरोजींच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. भास्कर १८४७ मध्येच गेले. धाकटे आत्माराम पांडुरंग हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक, पुढे मुंबईचे शेरीफ आणि प्रार्थना समाजाचे संस्थापक. थोरल्या दादोबांचा स्वभाव या दोघांपेक्षा सावध. सावध म्हणजे भित्रा, असं घाईने कुणी समजू नये. ते पुढे ठरवू.

आधी पंतोजीची शाळा, मग बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीची इंग्रजी शाळा. १८३६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र भाषेचे व्याकरण छापलं. मराठीचं व्याकरण त्याआधी लिहिलंच गेलं नव्हतं असं नाही. विल्यम केरीने १८०५ मध्ये लिहिलं होतं, पण ते इंग्रजीतून, साहेबांसाठी. दादोबांनी मराठी मुलांसाठी मराठीतून लिहिलं आणि आयुष्यभर आवृत्तीमागून आवृत्ती दुरुस्त करत राहिले. पुढे लहान मुलांसाठी लघु व्याकरणही काढलं. आपलीच चूक पुढच्या आवृत्तीत सुधारायची आणि त्यात कमीपणा मानायचा नाही, ही सवय असलेला माणूस धर्मग्रंथात एक अक्षरही चुकीचं असू शकत नाही हे म्हणणं कसं ऐकून घेणार?

सुरत, १८४४

मध्यंतरी ते माळव्यात जावरा संस्थानच्या नवाबाला शिकवायला गेले. हिंदू वैश्याचा मुलगा मुसलमान दरबारात मास्तर. तिथून परत मुंबई आणि मग सुरतेच्या इंग्रजी शाळेत.

तो काळ मुंबई इलाख्यात धर्माच्या बाबतीत फार तापलेला होता. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनमध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि प्रकरण कोर्टात गेलं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरात राहिलेला, बाप्तिस्मा न घेतलेला. कोर्टाने तो वडिलांकडे परत दिला. पण घरी आला तरी जातीत यायचं कसं? मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता ना. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणाले, तर सनातनी मंडळींचा रोष त्यांच्यावरच आला. एवढा मोठा पंडित, सरकारदरबारी मान असलेला, तरी जातीपुढे हात टेकायची पाळी. मुंबईतल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाने हे पाहिलं होतं. दादोबांनीही.

याच १८४३ साली सुरतेत बसून त्यांनी धर्मविवेचन हा ग्रंथ लिहिला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. सगळ्या जगाचा कर्ता एक. सगळ्या माणसांची जात एक, ती म्हणजे माणूस. प्रत्येकाला स्वतःच्या बुद्धीने विचार करायचा हक्क आहे. भक्ती, नीती आणि सदाचार हाच काय तो धर्म, बाकीचा पसारा माणसांनी उभा केलेला. हे आज शाळेच्या भिंतीवर सुविचार म्हणून सहज खपून जाईल. १८४३ मध्ये ते लिहून कपाटात ठेवावं लागलं. ग्रंथ छापायला पंचवीस वर्षं गेली, हे ध्यानात ठेवावं.

सुरतेत त्यांना एक जोडीदार भेटला. दुर्गाराम मंछाराम मेहता, गुजराती शाळेचे मास्तर. जातीने नागर ब्राह्मण, स्वभावाने आगीचा लोळ. विधवांचे पुनर्विवाह व्हावेत म्हणून बोलणारा, भुताखेतांवर चिडणारा. २२ जून १८४४ रोजी या दोघांनी दिनमणिशंकर शास्त्री, दलपतराम आणि दामोदरदास यांच्यासह मानवधर्म सभा काढली. पाचही नावं द वरून सुरू होणारी, त्यामुळे गावात लोक त्यांना पाच दद्दे म्हणू लागले. गुजरातमधल्या सुधारणेच्या चळवळीचा आरंभ साधारण इथून धरतात. तिच्यात एक मुंबईकर मराठी मास्तर होता, हे मराठी पुस्तकांत ओळीभर येतं आणि गुजराती पुस्तकांत जरा जास्त.

या सभेची बैठक आठवड्याला भरायची आणि उघड भरायची. कुणीही यावं, ऐकावं, प्रश्न विचारावा. दुर्गाराम तिचं टिपण ठेवत, त्याच्याच आधारावर पुढे महीपतराम रूपराम यांनी १८७९ मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं. सभेचा सगळ्यात गाजलेला उद्योग म्हणजे मांत्रिकांना जाहीर आव्हान. तुमच्या मंत्रात ताकद असेल तर सभेसमोर दाखवा. शहरभर चर्चा झाली. मंत्र टाकून माणूस मारता येतो म्हणणाऱ्यांनी यावं आणि आमच्यावर टाकून बघावं, असा एकूण सूर. कुणाचं काही वाकडं झालं नाही.

आपल्या पट्ट्यातल्या वाचकाला यात ओळखीचं बरंच सापडेल. भगताकडे जायचं की दवाखान्यात, हा वाद इथे रात्री-बेरात्री पेशंट खाटेवर असताना होतो. मात्र एक फरक सांगायला हवा. सुरतेची सभा भीती दाखवून पैसे उकळणाऱ्यांच्या मागे लागली होती. हिमाई, नारनदेव, कणसरी यांना मानणाऱ्या घराचा तो प्रश्न नाही. त्या देवांचं ना कुठे दप्तर आहे, ना सभासदांची यादी, ना वर्गणीची पावती. शिरगणतीवाला दारात येऊन धर्माचा रकाना भरायला बसतो तेव्हाच घरधन्याला प्रश्न पडतो की आपलं नाव नक्की कुठल्या खात्यावर टाकायचं.

सुरतेची सभा दादोबांच्या तिथल्या मुक्कामापुरतीच जोमात होती. १८४६ मध्ये ते मुंबईला शिक्षक तयार करणाऱ्या वर्गावर परतले. पुढे काही वर्षांनी दुर्गारामही राजकोटला गेले आणि सभा विरून गेली.

मुंबई, १८४९

आता खरी गोष्ट सुरू होते. सुरतेत पाच माणसं घेऊन भर शहरात मांत्रिकांना ललकारणारे दादोबा मुंबईत आले आणि १८४९ मध्ये त्यांनी जी मंडळी काढली ती गुप्त. परमहंस मंडळी.

हंस दूध आणि पाणी वेगळं करतो, तसं खऱ्याखोट्याचं करणारे ते परमहंस, असा नावाचा अर्थ लावता येतो. अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. आत्माराम पांडुरंग, तुकाराम तात्या पडवळ असे लोक त्यात. बेळगावचे बाबा पदमनजी हेही तरुणपणी त्यात होते आणि मंडळीत आत काय चालायचं याची बरीचशी हकीगत आपल्याला त्यांच्या अरुणोदय या आत्मचरित्रामुळे कळते. बैठका कुणाच्या तरी घरी, दारं लावून. आरंभी आणि शेवटी मराठीतून प्रार्थना. मग निबंध, चर्चा. कुठल्याही धर्मावर चिखलफेक करायची नाही, आणि कुठलाही ग्रंथ देवाने स्वतः लिहून पाठवला असंही मानायचं नाही, अशी दोन बाजूंची बंधनं. मूर्तिपूजा नाही, जातिभेद नाही, विधवाविवाहाला पाठिंबा.

आत यायचं तर परीक्षा होती. जात पाळणार नाही अशी शपथ घ्यायची आणि ती खरी करून दाखवायला ख्रिस्त्याने भाजलेला पाव खायचा. मुंबईत त्या वेळी पाव भाजणारे बरेचसे गोव्याकडचे ख्रिस्ती. तर्खडच्या घराण्यातल्या माणसाने काढलेल्या मंडळीत प्रवेशाची फी म्हणजे पावाचा तुकडा. वसईच्या गोष्टीत जो पाव नकळत पोटात गेला आणि लोकांचा धर्म घेऊन गेला, तोच इथे समजून-उमजून, सगळ्यांच्या देखत खायचा आणि खाऊन म्हणायचं की माझं काही गेलं नाही. दादोबांच्या मनात ही जोडणी होती की नव्हती, देव जाणे. पण वसईकडच्या वाचकाला ती दिसल्याशिवाय राहणार नाही.

फक्त एक होतं. हे सगळ्यांच्या देखत म्हणजे बंद दाराआड. पाव खाऊन, तोंड पुसून सभासद घरी जायचा आणि घरी सोवळ्यातलं जेवायचा. बायकोला पत्ता नाही, आईला नाही, शेजाऱ्याला तर नाहीच. सभासदांची संख्या पुरेशी वाढली की मग एकदम उघड व्हायचं, असा बेत होता. व्यापाराच्या भाषेत सांगायचं तर भांडवल जमल्याशिवाय दुकानाची पाटी लावायची नाही. पण पाटीच नसेल तर गिऱ्हाईक येणार कुठून आणि भांडवल जमणार कसं? या गणितातून मंडळी शेवटपर्यंत बाहेर आली नाही.

त्यांना हसणं सोपं आहे. त्या काळात वाळीत पडणं म्हणजे काय होतं ते जरा घराच्या हिशेबाने मांडून बघावं. मुलीचं लग्न ठरत नाही. ठरलेलं मोडतं. न्हावी येत नाही, भटजी येत नाही. विहिरीवर पाणी भरायला गेलेल्या बायकोला बोलणी खावी लागतात. घरात माणूस गेलं तर खांदा द्यायला चार जण मिळत नाहीत. शिक्षा नवऱ्याच्या विचारांची, भोगायची मात्र बायकोने, आईने, मुलीने, आणि त्यांना त्या विचारांतलं कुणी काही विचारलेलंही नसतं. सुरतेत दादोबा परगावचे मास्तर होते. त्यांची जात तिथे नव्हती, सोयरेधायरे तिथे नव्हते. मुंबईत खेतवाडी-गिरगावात सगळं गोत होतं. परमुलखात जीभ सुटते आणि घरच्या गल्लीत अडखळते, हा अनुभव नोकरीसाठी वापी, सुरत, पुणे असं फिरलेल्या कुणालाही आहे. दादोबांच्या दोन संस्थांमधला फरक बहुतेक इथेच आहे. विचार तोच होता. गल्ली बदलली होती.

तरीही प्रश्न उरतोच. जातिभेद मोडणं हा तर मनातल्या मनात करायचा विषयच नाही. देव एक आहे हे एकट्याने, अंधारात, डोळे मिटून मानता येतं. दुसऱ्याबरोबर जेवण मात्र अंधारात होत नाही, किंवा झालं तर त्याचा उपयोग नसतो. जो जातीच्या तळाला आहे त्याला दार लावून कुणीतरी आपल्याला समान मानतं याने काय फरक पडणार? मंडळीची खरी कमजोरी ही होती. सभासद बहुतेक वरच्या आणि मधल्या जातींतले, शिकलेले, नोकरदार. त्यांचं स्वतःचं मन स्वच्छ झालं हे खरं, पण रस्ता तसाच राहिला.

बाबा पदमनजींना हे सहन झालं नाही. घरी एक, मनात एक, मंडळीत तिसरंच. त्यांनी १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला आणि उघडपणे घर, जात सोडली. आता गंमत अशी की मंडळीच्या विचाराने तेही एका ठरावीक धर्माच्या, एका ग्रंथाच्या चौकटीत गेले होते. पण निदान लपले नव्हते. दोघांत मोठा कोण, हे ठरवणं अवघड आहे. पदमनजींनी किंमत चुकती केली. दादोबांनी उधारी ठेवली, पण आपला देव कुठल्या संस्थेकडे गहाणही टाकला नाही.

दप्तर फुटलं

दादोबा १८५२ मध्ये शिक्षण खात्यातून महसुलाकडे गेले, अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर म्हणून. तिथे भिल्लांचं बंड मोडण्याच्या कामात त्यांनी सरकारला मदत केली, रावबहादूर ही पदवी मिळाली. या पदवीचं कौतुक चरित्रकारांनी केलं आहे. आदिवासी पट्ट्यात हे वाचताना मात्र घास घशात अडतो. सगळ्या माणसांची जात एक, हे लिहिणारा हाच अधिकारी आणि डोंगरातल्या भिल्लांवर चालून जाणाऱ्या सरकारचा मदतनीसही हाच. त्या काळच्या शिकलेल्या मंडळींना इंग्रजी राज्य हीच व्यवस्था वाटत होती आणि दादोबा त्याला अपवाद नव्हते. धाकटे भास्कर हयात असते तर भावाला काय बोलले असते, असा विचार मनात येतोच. १८५७ मध्येच त्यांनी विधवांच्या बाजूने विधवाश्रुमार्जन हा निबंधही लिहिला. माणूस एका मापात बसत नाही.

मंडळी इकडे चालू होती. पुणे, अहमदनगर अशा गावीही तिचे लोक होते. आणि १८६० च्या सुमारास जे व्हायचं ते झालं. मंडळीचं दप्तर कुणीतरी पळवलं आणि सभासदांची नावं बाहेर फुटली. दहा-अकरा वर्षं दारं लावून जपलेली यादी गावभर झाली. घबराट उडाली. कुणी हात झटकले, कुणी गप्प बसले, कुणी आपण तसल्या मंडळीत नव्हतोच म्हणाले. ज्या दिवशी उघड व्हायचं म्हणून इतकी वर्षं थांबले होते तो दिवस उगवला तेव्हा उभं राहायला कुणी तयार नव्हतं. मंडळी संपली.

पण बी वाया गेलं नाही. तुकाराम तात्या पडवळांनी १८६१ मध्ये जातिभेद विवेकसार हे पुस्तक लिहिलं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं, नुसतं एक हिंदू असं होतं. त्याची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी काढली. आणि जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तो दिवसाढवळ्या, नाव लावून, अंगावर शेण-दगड झेलून झाल्यावर. निनावीपासून नावापर्यंतचा प्रवास एका पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत बघायला मिळतो.

दुसरीकडे, मंडळीतले काही लोक ३१ मार्च १८६७ रोजी स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात गेले. पुढारी होते धाकटे आत्माराम पांडुरंग. पुढे न्या. रानडे, डॉ. भांडारकर आले. प्रार्थना समाज उघड होता, पण त्याने सभासदांवर पाव खाण्याची सक्ती केली नाही. देव एक माना, प्रार्थनेला या, जातीचं काय ते आपापल्या घरी बघा. मंडळीने शपथ कडक ठेवली आणि दार बंद ठेवलं. समाजाने दार उघडलं आणि शपथ सैल केली. दोन्ही एकदम त्या माणसांना जमलं नाही.

पुढच्या वर्षी, १८६८ मध्ये, धर्मविवेचन एकदाचं छापलं गेलं. सुरतेत लिहिलेलं हस्तलिखित पंचवीस वर्षांनी. दादोबा तेव्हा चोपन्न वर्षांचे, सगळं मानमरातब मिळालेले. तरीही पुस्तकावर दादोबा पांडुरंग हे नाव नाही. एक जगद्वासी आर्य, एवढंच. व्याकरणाच्या पुस्तकावर ज्यांचं नाव इलाख्यातल्या शाळाशाळांतून वाचलं जात होतं, त्यांनी धर्माच्या पुस्तकावर ते घालायचं टाळलं.

मोरोपंत आणि स्वीडनबोर्ग

म्हातारपणीच्या दादोबांकडे बघितलं तर मात्र भीतीपलीकडचं काहीतरी दिसतं. संस्थेचा, सभेचा नाद त्यांनी सोडला आणि एकट्याने वाचत-लिहीत राहिले. १८६५ मध्ये मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी मोठी टीका छापली. केकावली म्हणजे भक्ताने देवाला मारलेल्या हाका. मूर्ती न मानणाऱ्या माणसाने त्या सगुण भक्तीच्या काव्याचा शब्द न् शब्द उलगडून ठेवला आणि टीकेला नाव दिलं यशोदा पांडुरंगी. आईचं आणि वडिलांचं. ज्या घरच्या पोथ्यांवरून मनाने ते इतके दूर गेले, त्या घराचं ऋण त्यांनी असं फेडलं. मंडळीत आईला न सांगता गेलेला मुलगा इथे आईचं नाव पहिल्या पानावर घेऊन येतो. त्यांच्या सगळ्या लिखाणात हे नाव सगळ्यात बोलकं आहे.

त्यानंतर त्यांना नाद लागला स्वीडनबोर्गचा. इमॅन्युएल स्वीडनबोर्ग (१६८८ ते १७७२) हा स्वीडनचा शास्त्रज्ञ, खाणींच्या खात्यातला अधिकारी. पन्नाशीनंतर आपल्याला स्वर्ग-नरक दिसले असं सांगून त्याने लॅटिनमध्ये ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. चर्चच्या चौकटीत तो बसला नाही. मुंबईतला हा हिंदू पेन्शनर त्याच्या पुस्तकांत रमला आणि १८७८ मध्ये त्याच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते लंडनला छापलं गेलं. मिशनऱ्यांनी आयुष्यभर प्रयत्न केले तरी दादोबा ख्रिस्ती झाले नाहीत, आणि एका स्वीडिश माणसाच्या ख्रिस्ती अनुभवात त्यांना आपलं काहीतरी सापडलं. इथेही शीर्षकात स्वतःचं नाव पुढे नाही, एका हिंदू गृहस्थाचे विचार असंच रूप. १८८० मध्ये पारमहंसिक ब्राह्मधर्म हे पद्यमय पुस्तक आलं. मंडळी बुडून वीस वर्षं झाली होती. म्हाताऱ्याने नाव सोडलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबा वारले. त्यांचं व्याकरण पुढेही शाळांमधून चालू राहिलं. आज ज्या मुलांना कर्ता, कर्म, क्रियापद शिकवलं जातं, मग ती शाळा महाराष्ट्रातली असो, सेलवासची असो की बेळगावची, त्या मांडणीत कुठे ना कुठे दादोबांचा हात आहे.

उतारवयात त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं. अ. का. प्रियोळकर यांनी ते १९४७ मध्ये पुस्तकरूपाने लोकांपुढे आणलं. लहानपण, घर, पंतोजी, जावरा, सुरत हे सगळं त्यात तपशिलाने आहे. परमहंस मंडळी सुरू होण्याआधीच ते थांबतं.